दोनच टायर

"काका, हे जाड दातांचे टायर घेतलेत तर रणगाड्याची हौस फिटेल," टायरवाला हसत म्हणाला. "पण तुमची एसयूव्ही चिखलात जाते कधी? आपल्याकडे ना बर्फ, ना वाळवंट. पावसाळाभर ओला डांबरी रस्ता. त्याला पाणी बाहेर फेकणारे टायर हवेत."

त्याने दुसरा टायर पुढे घेतला आणि त्याच्या लांब, खोल खाचांवरून बोट फिरवलं. मास्तरांनी चष्मा पुसून तो तीनदा पाहिला. शेजारी त्यांची बायको, मास्तरीणबाई, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. टायरच्या दुकानाची पायरी चढायला त्या तयारच नव्हत्या, मास्तरांनी ओढून आणलं होतं.

"हेच लावा. चारही," मास्तर म्हणाले. "नात शाळेत जाते या गाडीतून."

"तुमचे दोन अजून वर्षभर चालतील की. दोनच घ्या."

"दोन नकोत." मास्तरांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तीन वर्षांपूर्वी लेकीच्या गाडीला मी दोनच घ्यायला सांगितले होते. महिन्याभरात पावसात, वळणावर गाडी गरकन फिरली. लेक गेली."

परक्या माणसापाशी त्यांनी हे कधी काढलं नव्हतं. बायको हजारदा म्हणाली होती, तुमचा काही दोष नाही. पण पावसाची सर आली की हातातलं काम टाकून ते मनातल्या मनात लेकीच्या गाडीचे ते उरलेले दोन टायर बदलत बसायचे. जीव नुसता कुरतडला जायचा.

टायरवाला स्टूल ओढून समोर बसला.

"काका, दोन बदलण्यात चूक काहीच नाही. आम्ही रोज बदलतो. फक्त नवे मागे लावायचे. लोकांना वाटतं, पुढे हवेत. पुढे नवे आणि मागे झिजलेले असले, की ओल्या वळणावर मागची बाजू सुटते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. पण हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या लेकीच्या टायरवाल्यानेही मागेच लावले असणार. मग रस्त्यावर तेल सांडलं असेल, काहीही असेल. तुमच्या दोन टायरांनी काही झालं नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षांनी पडला. डोळे भरून आले तरी त्यांनी ते लपवले नाहीत.

"ऐकलंस ना गं?" ते बायकोकडे वळले. "त्या दिवशी लेकीबरोबर तूच गेली होतीस दुकानात. मागेच लावले होते ना त्याने?"

मास्तरीणबाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"मागेच लावले होते," त्या म्हणाल्या. "मी भांडून पुढे घ्यायला लावले. म्हटलं, लेक पुढे बसते."