हरी

"हरी," शिवदासबुवा म्हणाले.

समोर बसलेल्या पन्नास-साठ माणसांनी हात जोडले.

दोन वर्षांपूर्वी बुवांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. राहिला तो एवढा एकच शब्द. जन्मभर कीर्तनं केलेल्या माणसाच्या जिभेवर देवाने नेमका हाच ठेवावा, याचं मुलुंडच्या त्या सोसायटीत केवढं अप्रूप! आज बुवांची पंचाहत्तरी. दुपारी तीनलाच त्यांना दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं होतं. आता साडेपाच वाजत आले होते. दुधापाण्याने धुतलेले पाय पितळी परातीतच होते. गळ्यात हार, मांडीवर शाल.

त्यांचे शिष्य भाऊ माइकवर बोलत होते. "बुवा निरूपणात सांगायचे, गाय हंबरते, कावळा ओरडतो, मधमाशीसुद्धा नाचून सांगते फुलं कुठे आहेत ते. पण भूक लागली तर भूक, भ्यालं तर भय, तेवढंच. जे समोर नाही त्याला हाक मारणं हे फक्त माणसाच्या वाणीला जमतं. तेव्हा बाबांनो, ही वाणी पोटापाण्याच्या हाकांत घालवू नका!"

"हरीऽ," बुवा म्हणाले. शेवट जरा दाबून.

स्वयंपाकघराच्या दारात प्रसादाचे द्रोण भरत बसलेल्या सुनेने, मालनने, चटकन मान वर केली. द्रोण ठेवून ती नवऱ्याजवळ गेली. श्यामकांत टेपरेकॉर्डरपाशी बसला होता.

"अहो, मामंजींना लघवीला न्यायला हवं."

"कोण म्हणालं?"

"ते म्हणतायत."

"ते हरी म्हणतायत."

"तो हरी वेगळा. पाणी हवं असलं की तुटक म्हणतात. कूस बदलायची असली की दोनदा. हा तिकडचा आहे. रोज मीच करते ना सगळं?"

"ते काय तुझ्या माहेरच्या गोठ्यातली म्हैस आहेत, हंबरण्यावरून ओळखायला?" श्यामकांत दातओठ खात पुटपुटला. "देवाचं नाव घेतायत. कॅसेट चालू आहे, बोलू नकोस."

ती तशीच पुढे निघाली. भाऊंनी माइकवर हात ठेवला.

"वहिनी, पूजेवरून उठवायचं नसतं. दहा मिनिटं कळ काढा."

"मी काढीन हो. त्यांचं काय?"

"तुम्हाला त्यांचं दुखणं दिसतं, वहिनी. आम्हाला अवस्था दिसते." पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मालन होती तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात घरातली मांजर माणसांच्या पायांतून वाट काढत आली आणि दाराकडे तोंड करून एकदाच ओरडली.

"अरे, तिला जायचंय! सोडा, सोडा बाहेर, नाहीतर इथेच घाण करील." चार माणसं लगबगीने सरकली. कोणीतरी दारातल्या चपला पायाने बाजूला केल्या. मांजर शेपटी वर करून निघून गेली.

बुवा दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी मालनकडे बघितलं.

"हरी. हरी, हरी, हरी..."

पेटीवाल्याने सूर धरला. झांज वाजली. भाऊंनी दोन्ही हात वर केले आणि सगळं घर म्हणू लागलं, हरी, हरी, हरी. बुवांचा आवाज चढला, तसा सगळ्यांचा चढला. बुवांनी डावा हात उचलून मालनच्या दिशेने पुढे केला. पुढच्या रांगेला वाटलं आशीर्वाद आहे. सगळ्या रांगेने डोकी खाली घातली. बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, ते पाहून मागच्या बायकाही रडू लागल्या. श्यामकांतने टेपरेकॉर्डर उचलून त्यांच्या तोंडाजवळ धरला.

मालन माणसं ओलांडू लागली. "सरका जरा. सरका हो." तिचं कोण ऐकतंय! बायकांच्या डोळे मिटलेल्या रांगेपाशी ती अडली.

मध्येच बुवा थांबले.

लोकांचं आणखी दोनचारदा म्हणून झालं, मग तेही थांबले. खोली अगदी शांत झाली. त्या शांततेत धोतराच्या काठावरून परातीत थेंब पडत होते. कोणाच्या ध्यानात आलं नाही. परातीत आधीपासून पाणी होतंच.

"डोळ्यांचं पारणं फिटलं," भाऊ म्हणाले. "या, एकेक करून दर्शनाला या."

सगळ्यात पुढे वनमालाबाई होत्या. वय सत्तरच्या पुढे, भांडुपहून काठी टेकत आलेल्या. त्या वाकल्या, परातीत हात बुडवला आणि पळीभर पाणी तळहातावर घेतलं.

मालनने धावत येऊन त्यांचं मनगट धरलं.

"मावशी, नको."

"का गं?"

सगळे मालनकडे बघू लागले. श्यामकांतही. तिने तोंड उघडलं.

"हरी," बुवा म्हणाले. अगदी हळू. हा हरी मालनने दोन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. ती वळली. बुवांचे डोळे तिच्यावर होते, आणि ते डोळ्यांनी नको, नको म्हणत होते.

तिने वनमालाबाईंचं मनगट सोडलं.

"घ्या, मावशी," मालन म्हणाली. "तीर्थ आहे."

वनमालाबाईंच्या मागे रांग लागली.