मतदानाचा केक

लोहार ओबेद क्रॉफर्डच्या मताच्या चिठ्ठ्या त्याच्याच भट्टीत जळत होत्या. तो घोड्याला पाणी पाजायला मागे गेला आणि तेवढ्यात एका मोठ्या पक्षाच्या लूथर ग्रिम्सने डाव साधला. तिसऱ्या पक्षाने एल्म फोर्ड गावासाठी छापून पाठवलेला अख्खा गठ्ठा त्याने निखाऱ्यांवर फेकला. वर दारात दात काढत उभाही राहिला.

"थंडी फार पडलीय रे ओबेद. म्हटलं, जरा जाळ करावा."

मताची चिठ्ठी ज्या त्या पक्षाने छापायची. मतदाराने ती शाळेच्या दारात पक्षाच्या माणसाकडून घ्यायची आणि आत पेटीत टाकायची. असा तेव्हाचा रिवाज. चिठ्ठी नाही तर मत नाही.

ओबेदचा उमेदवार गारवुड काही राष्ट्राध्यक्ष होणार नव्हता. हे ओबेदलाही कळत होतं. रेल्वेच्या भाड्याला लगाम घाला आणि बायकांना मताचा हक्क द्या, म्हणणाऱ्याला कोण निवडून देतंय? पण उन्हाळ्यात हा माणूस एल्म फोर्डला आला होता. घोडागाडीवर उभं राहून, घसा बसेपर्यंत बोलला होता. निघताना ओबेदने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "आमच्या गावात तुम्हाला मोजलं जाईल. शब्द माझा." आता मोजायला काही उरलंच नव्हतं.

तरी ओबेद शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हात रिकामे. त्याच्या पक्षाचे शेतकरी येत, त्याच्याकडे बघत आणि कुंपणाला टेकून थांबत.

"घरी जा की लोहारदादा!" लूथर आपल्या पक्षाच्या चिठ्ठ्या पंख्यासारख्या हलवत ओरडला. "तुझा राष्ट्राध्यक्ष धुराड्यातून वर गेला!"

माणसं खो खो हसली. ओबेद जागचा हलला नाही. हरलेल्या माणसाने कसं उभं राहावं, हे त्या सकाळी त्याच्याकडून शिकावं.

तेवढ्यात मर्सी हॅथवे टोपली घेऊन आली. दर निवडणुकीला ती मनुका घातलेला मोठा केक भाजायची आणि मतदारांना वाटायची. तिचा नवरा सायलस दुकानदार. मतमोजणीच्या टेबलावरचा मुख्य माणूसही तोच. लूथरच्याच पक्षाचा, आणि पक्का. पक्ष निवडून आला की गावची पोस्टमास्तरकी त्याला मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. सायलस दोनच गोष्टींची फुशारकी मारायचा. एक बायकोचा केक, दुसरं तिचं मोत्यासारखं अक्षर. लग्नाची आमंत्रणं असोत, सांत्वनाची पत्रं असोत, गाव तिच्याकडूनच लिहून घ्यायचं.

मर्सी ओबेदपाशी थांबली. "सगळ्या जळल्या?"

"एकूण एक."

तिने क्षणभर कुंपणाकडे पाहिलं. "तुमच्या माणसांना माझ्या मागच्या दारी पाठवा. केक खाल्ल्याशिवाय कुणी मत द्यायचं नाही म्हणावं."

"बाई, ही काय केकची वेळ आहे?"

"हीच वेळ आहे," मर्सी म्हणाली आणि टोपली घेऊन तशीच घरी परतली.

दुपारी सायलसने शाळेच्या खिडकीतून पाहिलं, तर त्याच्या मागच्या दाराशी ही रांग! तो खूश झाला. "बघा, तिसऱ्या पक्षालासुद्धा माझ्या बायकोचा केक लागतो!" शेतकरी तोंड पुसत येत होते, घडी घातलेली चिठ्ठी पेटीत टाकत होते आणि ओबेदकडे बघून टोपीला हात लावत होते. त्यांनी गपगुमान दोन मोठ्या पक्षांपैकी कुणाची तरी चिठ्ठी घेतली असेल, असं लूथरला वाटलं.

दिवेलागणीला पेटी उघडली. ओबेद टोपी काढून दाराशी उभा होता. आधी छापील चिठ्ठ्या निघाल्या. मग एक पांढरा कागद आला. त्याच्या कडेला लोण्याचा डाग होता. सायलसने घडी उलगडली. त्यावर गारवुडचं नाव होतं, शाईने लिहिलेलं. त्याचा हात थबकला. मग तसाच दुसरा कागद निघाला, तिसरा निघाला, आणि निघतच राहिले.

खोलीतले सगळे पुढे वाकले. अक्षर कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. प्रत्येकाच्या घरी कुठल्या ना कुठल्या खणात ते जपून ठेवलेलं होतं.

"फाडा ते!" लूथर उठला.

"हाताने लिहिलेली चिठ्ठी चालते," सायलस सावकाश म्हणाला. "कायदा आहे तसा."

"पण हात कुणाचा ते बघा ना! पोस्टमास्तर व्हायचंय ना तुम्हाला, हॅथवे?"

सायलसने त्या पांढऱ्या कागदांचा ढीग पुन्हा एकेक करून चाळला. एकाही चिठ्ठीत अक्षर वाकडं नव्हतं. तिला अक्षर बदलता आलं असतं. डाव्या हाताने लिहिता आलं असतं. तिने काहीच लपवलं नव्हतं. सायलसला राग आला होता, भरपूर आला होता. पण त्याच्या आधीच छाती अभिमानाने भरून आली होती, आणि रागाला आत शिरायला जागाच मिळेना.

लूथरने टेबलावर मूठ आपटली. "अहो, बाईला मत नसतं!"

"नसतं," सायलस म्हणाला. "म्हणून तर तिने अडतीस दिली. मोजा."