सगुणाचा दम

ऑक्सिजनचा मास्क निघाला तेव्हा सगुणाच्या ओठांवरची निळसर झाक नुकतीच ओसरत होती. या वेळी ती वाचली ती थोडक्यात. वेसाव्याहून अंधेरीच्या इस्पितळात आणेपर्यंत टॅक्सीतच तिची शुद्ध हरपली होती. तिची सासू अंजनाबाई सकाळपासून खाटेच्या पायथ्याशी बसून होती. बाजारात या बाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. आज ती नुसती सुनेच्या पायांवरची चादर सारखी करत होती.

"सुकटाच्या भुकटीनं व्हते, असा पयला डाक्टर म्हनला," सगुणाचा नवरा हरेश्वर म्हणाला. "दोन वरसं झाली, हिनं सुक्या मासळीचा धंदा सोडला. तरी दर म्हैन्याला हेच."

"दर महिन्याला?" डॉक्टर उत्तरा लिहिता लिहिता थांबल्या. सगुणाला तपासणारी ही पहिलीच बाई डॉक्टर. "सगुणा, पाळीच्या आधी होतं का गं हे?"

सगुणाने पदर तोंडावर ओढला. असलं कुणी तिला नवऱ्यादेखत विचारलं नव्हतं. हरेश्वर खिडकीबाहेर बघू लागला.

"ध्यान नाय," ती पुटपुटली. तिची पाळी कधी वीस दिवसांनी यायची, कधी चाळीस. आणि दम लागला की तिला दिवस-रात्रही कळायची नाही.

"काही बायकांच्या श्वासनळ्या पाळीच्या आधी आवळतात," उत्तरा म्हणाल्या. "अंगातली हार्मोन्स खाली-वर होतात, त्याचा परिणाम फुप्फुसांवर होतो. पुरुषांना हे होत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. तसं असेल तर आधीच औषध वाढवता येईल, असा जीवघेणा झटका टळेल. पण खात्री हवी. घरात कुणाच्या लक्षात आलंय का?"

अंजनाबाई खाटेचा गज धरून उठली. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने सुनेच्या ओठांकडे पाहिलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "अकरा वरसं झाली. हिला दम लागला का दोन दिसांनी ती बाहेर बसते. एकदापन चुकलं नाय."

"अकरा वर्षं? मग आजी, एवढ्या डॉक्टरांपैकी एकालाही सांगितलं नाहीत?"

"कशाला सांगू?" अंजनाबाईला रडू कोसळलं. "हिला धाप लागली, का मी आदी धावून देव्हाऱ्याला परदा लावाची."