पंचफुलाचा फोटो

पंचफुला गेली, तेव्हा भिंतीवर लावायला घरात तिचा एकही फोटो निघाला नाही. पस्तीस वर्षांपूर्वी बायकांच्या कबड्डीत ती जिंकली होती, तेव्हा एकदाच पेपरात छापून आला होता. नात निकिता तीन दिवस मोबाइलवर डिजिटल ग्रंथालय धुंडाळत होती.

“आबा, शंभर वर्षांचे पेपर हायेत इथं, मोठमोठे प्रबंध हायेत. थांबा... सापडला तो अंक!”

पान उघडलं. बातमी होती. फोटोच्या जागी नुसतं चौकोनी भोक होतं.

“कोन्या हरामखोरानं कापला वं?” पंचफुलाचा नवरा इंद्रभान खवळला.

“काय मालूम! शिक्का त आपल्याच गावच्या वाचनालयाचा हाय.”



शिक्का पाहताच इंद्रभानला आठवलं. फोटोतलं पंचफुलाचं खोचलेलं लुगडं पाहून वाचनालयात पोरं हसली, त्या दिवशी त्यानंच तो फोटो ब्लेडनं कापून चुलीत टाकला होता.