तीन पुरावे

शब्दकोशाच्या कचेरीत मुख्य संपादक तात्यांचा नियम पक्का होता. शब्द कितीही लाडका असो, तीन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे मिळाल्याशिवाय तो कोशात जायचा नाही. तात्यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले, तसा सहसंपादक बाईंना धीर आला आणि त्यांनी एक कार्ड तात्यांच्या टेबलावर ठेवलं.

'तात्याळणे: एकाच माणसाच्या चिकित्सेपायी काम अडून राहणे.'

तात्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"पुरावे?"

"पहिला छापखान्याचा. 'पुस्तक तयार आहे, फक्त प्रस्तावना तात्याळलीय,' असं त्यांनी लेखी कळवलंय. दुसरा तुमच्याच इमारतीच्या सूचना फलकावरचा. 'जिन्याचा रंग ठरेना, बैठक पुन्हा तात्याळली.'"

"आणि तिसरा?"

"तुमच्या लेकीचा मेसेज. वहिनींनी दाखवला. 'आई, माझ्या लग्नाची तारीख अजून किती तात्याळणार?'"

तात्या चक्क खो खो हसले. "पुरावे चोख आहेत. व्युत्पत्तीबद्दल तर वादच नाही. शब्द अस्सल आहे, बाई!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगबगीनं पेन पुढे केलं. "मग करताय ना सही?"

तात्यांनी कार्ड उचललं, प्रेमानं खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

"एवढी घाई कशाला? पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघू."