तीन आठवडे बीट

"म्हणजे ह्यांच्या अंगात रक्त कमी नव्हतंच?" किसणीवरचा बिटाचा डाग घासत आईने पुन्हा विचारलं. बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

ल्युकेमिया म्हणजे काय, हे मीही पुन्हा सांगितलं. पेशी कोवळी असेपर्यंतच चालू राहायचं जनुक वेळेवर बंद झालं नाही. कोवळ्या पेशी मोठ्या न होता नुसत्या संख्येने वाढल्या आणि कामाच्या पेशींना जागाच उरली नाही.

"म्हणजे पोरांचीच गर्दी. मोठं कुणीच नाही," तीस वर्षं बालवाडी चालवलेली आई म्हणाली. मग तिचा हात थांबला. "आणि मी तीन आठवडे बीट किसत बसले. आधीच रक्त तपासलं असतं, तर?"

मी उठून खिडकी उघडली, परत लावली. इतके शोधनिबंध वाचूनही 'काही फरक पडला नसता' असं मला म्हणता येईना.

"बाबांचा चेहरा पांढरा पडलाय म्हणालीस, तेव्हा 'बीट दे, डॉक्टर कशाला?' असं फोनवर मीच म्हटलं होतं, आई."

"आठवतंय मला. तुझ्या आत्याला मी सांगितलंय, बीट माझ्याच डोक्यातलं. तूही तेच सांगायचं."