चुकेल त्याने खाऊ आणायचा

डॉन एवेलिओंचा फायदा चुकण्यातच होता. बुगा गावच्या वाचनालयातल्या आमच्या इंग्रजीच्या वर्गाचा नियमच तसा: चुकेल त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी घरून खाऊ आणायचा. कंटाळलेला तो ‘बोअर्ड’ आणि कंटाळा आणणारा तो ‘बोअरिंग’, हे पोरांनाही दोन शनिवारांत जमलं. पण बेकरी चालवून निवृत्त झालेले हे विधुर गृहस्थ दर शनिवारी छाती काढून सांगायचे, “आय ॲम बोअरिंग!” मग पुढच्या खेपेला चीजचे गरम पाव, पांदेबोनो, यायचे, आणि टोपलीतला पहिला पाव वर्गातल्याच डोन्या, म्हणजे श्रीमती, निडियांच्या हातात पडायचा. निडियाबाई स्वतः कधी चुकल्याच नाहीत.

शेवटच्या तासाला म्हातारा मुकाट बरोबर बोलला. पुढचा शनिवारच नव्हता, चुकून मिळणार काय?

मग निडियाबाई उठल्या. “आय ॲम एक्सायटिंग!”

वर्गाने बाकं बडवली.

“अहो डोन्या, वर्ग संपला, आता दंड कुठे भरणार?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“माझ्या घरी, उद्या दुपारी.” त्या एवेलिओंकडे वळल्या. “रिकाम्या हाती या हो. सहा महिने तुम्हीच भरताय.”

दंड निडियाबाईंनी भरला. उपाशी राहिलो आम्ही उरलेले एकोणीस जण.